प्राध्यापकांचे प्रशिक्षण आणि क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम : थोडी पार्श्वभूमी

शाळेतल्या शिक्षकाला अध्यापनाचे प्रशिक्षण हवे, हे एकोणिसाव्या शतकातच रुजले. प्राध्यापकाकडून मात्र विषयाच्या पदवीपलीकडे कुणी काही मागितले नाही. व्याख्यान आणि वर्षअखेरची लेखी परीक्षा एवढाच मामला होता तोवर ते निभावलेही.

हे चित्र बदलायला सुरुवात झाली वैद्यकीय शिक्षणातून. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठात डॉ. जॉर्ज मिलर यांनी शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना हाताशी धरून वैद्यकीय अध्यापकांनाच शिकवण्याचे धडे दिले. पुढे इलिनॉय विद्यापीठात त्यांनी याच कामाचा स्वतंत्र विभाग उभारला. जागतिक आरोग्य संघटनेने हा विचार देशोदेशी नेला. भारतात १९७५ मध्ये पुद्दुचेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेत राष्ट्रीय अध्यापक प्रशिक्षण केंद्र सुरू झाले ते त्याच लाटेत.

‘क्षमता’, म्हणजे नुसते काय माहीत आहे ते नव्हे तर काय करून दाखवता येते ते, हा शब्द दुसऱ्या वाटेने आला. १९६० च्या दशकाअखेरीस अमेरिकेत शालेय शिक्षकांचे प्रशिक्षण क्षमतांवर बेतण्याचे प्रयोग झाले. १९७३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकलेलंड यांनी बुद्धिमापनाऐवजी प्रत्यक्ष कामाची क्षमता तपासावी, असे ठामपणे मांडले. १९७८ मध्ये या दोन वाटा एकत्र आल्या. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने वैद्यकीय शिक्षणातल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमावर पुस्तिका काढली; तिच्या लेखकांत मिलरही होते.

मला या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते ते मूल्यमापनाचे वळण. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी नव्या पद्धतीची प्रात्यक्षिक परीक्षा मांडली : विद्यार्थी एकेका स्थानकावर ठरावीक वेळात काम करून दाखवतो, परीक्षक निकषांची यादी हातात धरून पाहतो. इथे प्राध्यापकाचे कामच पालटले. उत्तरपत्रिका तपासणे आणि माणसाला काम करताना पाहणे ही वेगवेगळी कौशल्ये आहेत. एकाच विद्यार्थ्याची एकच चित्रफीत पाहून एक जण ‘उत्तम’ म्हणतो, शेजारचा ‘काठावर पास’. म्हणून प्रशिक्षणात अशा चित्रफिती दाखवतात, प्रत्येकाने वेगळे गुण द्यायचे, मग फरक कुठे आणि का पडला यावर वाद घालायचा. त्यातून निकष एकसारखे होतात. मन लावून केलेला असा तासभराचा वाद मला दिवसभराच्या भाषणांपेक्षा उपयोगी वाटतो.

त्यानंतर धोरणांनी वेग घेतला. कॅनडाने १९९६ मध्ये तज्ज्ञ डॉक्टरांच्या भूमिका ठरवल्या, अमेरिकेने १९९९ मध्ये सहा क्षमता. त्याच वर्षी युरोपात देशोदेशींच्या उच्च शिक्षणाचा मेळ घालणारा बोलोन्या जाहीरनामा झाला आणि पाठोपाठ इतर विद्याशाखांतही क्षमतांची भाषा शिरली. भारतात एमबीबीएसचा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम २०१९ मध्ये लागू झाला, आणि तो राबवण्यासाठी अध्यापकांच्या कार्यशाळाही घेतल्या गेल्या. पण कार्यशाळेतली हजेरी म्हणजे क्षमता नव्हे, आणि हा कच्चा दुवा बहुतेक ठिकाणी राहून जातो.

नेदरलँड्समधल्या विद्यापीठांनी त्यावर एक मार्ग काढला. २००८ मध्ये त्यांनी एकमेकांची अध्यापन-पात्रता मान्य करायचे ठरवले. ती मिळवायला प्राध्यापकाने आपल्या अध्यापनाचे पुरावे संकलित करून मूल्यमापनासाठी सादर करायचे असतात. म्हणजे विद्यार्थ्याला लावायची कसोटी आधी स्वतःला.