पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा: तपासणीसाठी नमुना देणाऱ्यांसाठी माहिती

पोटातल्या अवयवांवरच्या पातळ आवरणाच्या पेशींपासून होणारा हा दुर्मीळ कर्करोग. ॲस्बेस्टॉसच्या धुळीशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे आणि धुळीत काम केल्यानंतर तो दिसायला २० ते ५० वर्षंही लागू शकतात. म्हणून फार पूर्वीच्या नोकरीबद्दलही डॉक्टरांना सांगा. तरीही अनेक रुग्णांचा, विशेषतः स्त्रियांचा, ॲस्बेस्टॉसशी कधीच संबंध आलेला नसतो.

पोट फुगतं, दुखतं, भूक मंदावते, वजन उतरतं, पोटात पाणी होतं. हीच लक्षणं पोटाच्या क्षयरोगात आणि अंडाशयाच्या कर्करोगातही दिसतात, त्यामुळे निदान लांबतं. सीटी स्कॅनवरून संशय येतो, खात्री होत नाही. पोटातलं पाणी तपासूनही बरेचदा ठाम उत्तर मिळत नाही. पाण्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. दुर्बिणीतून आवरणाचा पुरेसा मोठा तुकडा काढणं हाच खात्रीचा मार्ग आहे.

तुकडा आमच्या प्रयोगशाळेत आल्यावर नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आम्ही नाव देत नाही. कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१ यांसारखी मेसोथेलिओमात सहसा दिसणारी प्रथिनं आणि बीईआर-ईपी४ सारखी इतर कर्करोगांत दिसणारी, अशी दोन्ही बाजूंची तपासणी करावी लागते. अंडाशयाच्या कर्करोगातही डब्ल्यूटी-१ दिसतं, म्हणून एकाच प्रथिनावर विसंबता येत नाही. बीएपी१ हे प्रथिन पेशींतून नाहीसं झालं असेल तर निदानाला बळ मिळतं. रिपोर्टला वेळ लागतो तो यामुळे. वाट पाहणं किती जड जातं हे आम्ही जाणतो, पण इथे घाईचं उत्तर रुग्णाला महागात पडतं.

रिपोर्टमध्ये 'एपिथेलिऑइड' लिहिलं असेल तर तो तुलनेने बरा प्रकार. 'सार्कोमॅटॉइड' अधिक आक्रमक असतो.

प्रकृती आणि आजाराचा पसारा पाहून शक्य असेल तिथे दिसणाऱ्या सगळ्या गाठी काढतात आणि त्याच शस्त्रक्रियेत सुमारे ४१ ते ४३ अंश सेल्सिअस तापमानाचं केमोथेरपीचं औषध ६० ते ९० मिनिटं पोटात फिरवतात. याला हायपेक म्हणतात. ८ केंद्रांतल्या ४०५ रुग्णांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या उपचारानंतर निम्मे रुग्ण ५३ महिन्यांहून अधिक जगले. हे आकडे शस्त्रक्रियेसाठी निवडलेल्या रुग्णांचे आहेत, सर्वांना सरसकट लागू होत नाहीत. शस्त्रक्रिया शक्य नसेल तर पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन ही औषधं शिरेतून देतात. काहींना इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला मदत करणारी औषधं, दिली जाते.

आमचा आग्रह एकच: मोठी शस्त्रक्रिया ठरवण्यापूर्वी हायपेकचा अनुभव असलेल्या केंद्राचं मत घ्या. त्यासाठी रिपोर्टसोबत मेणातला ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुमचा तुकडा) आणि स्लाइडही (काचेवरचे त्याचे पातळ काप) न्या. आमच्याकडे मागा, आम्ही देऊ.