खरखर बाहेरची, खरखर घरची

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत आम्ही ठिबकचे व्हॉल्व्ह बिनतारी उघड-बंद करणारी पेटी बसवली. नाशिकमधल्या अंबडच्या शेडमध्ये टेबलावर ती गुण्यागोविंदाने चालत होती. बागेत मात्र टोकाच्या ओळीतला व्हॉल्व्ह हाकेला ओ देईना. अँटेना बदलली, खांब उंच केला, शेजारच्या टॉवरला शिव्याही घातल्या. शेवटी कोअॅक्स, म्हणजे टीव्हीच्या केबलसारख्या, वायरच्या टोकाला छोटा वेढा करून तो बोर्डावरून फिरवला. बारा व्होल्टचे तीन व्होल्ट करणाऱ्या कॉइलजवळ येताच कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती गोंगाट आहे ते दाखवणाऱ्या अॅनलायझरच्या पडद्यावर गवत उगवल्यासारखी रेघ वर आली. रेडिओला जगवणारा भागच त्याचे कान किटवत होता. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

बिनतारी यंत्रांचा इतिहास याच अंगाने वाचावा असं मला वाटतं. शत्रू आधी बाहेर होता, मग तो हळूहळू आत आला.

सुरुवातीचे ट्रान्समीटर ठिणगीचे होते. हर्ट्झने १८८७ च्या सुमारास ठिणगी पाडून लहरी निर्माण केल्या, पण ठिणगीचा स्वभावच सगळीकडे पसरण्याचा. दोन केंद्रं एकदम बोलू लागली की कोणाचंच धड ऐकू येत नसे. त्यावरचा पहिला खरा उतारा म्हणजे ट्यूनिंग. कॉइल आणि कपॅसिटरची जोडी जुळवून हवी तेवढीच लहर आत घ्यायची. ऑलिव्हर लॉजने १८९७ मध्ये त्याचं पेटंट मागितलं आणि मार्कोनीचं ७७७७ क्रमांकाचं पेटंट १९०० चं.

पुढे १९१८ मध्ये एडविन आर्मस्ट्राँगने सुपरहेटरोडाइन आणलं. कुठलंही स्टेशन लावा, ते आधी एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर उतरवायचं आणि गाळणी तिथेच बसवायची. मीडियम वेव्हच्या रेडिओत ही फ्रिक्वेन्सी ४५५ किलोहर्ट्झ. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओचं पाठचं झाकण काढलं की चौकोनी पत्र्याच्या डब्या दिसत. त्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीच्या गाळणीच्या, म्हणजे आयएफटीच्या, गाभ्याला पिवळा, पांढरा, काळा रंग आणि उतरवायला लागणारी लहर आतच तयार करणाऱ्या ऑसिलेटरला लाल. मेन रोडच्या दुकानात मी ज्यांच्या हाताखाली शिकलो, ते काका गाभा फिरवायला फक्त प्लास्टिकचा स्क्रू-ड्रायव्हर देत. लोखंडी लावला की ट्यूनिंगच सरके. पत्र्याची डबी कॉइलचं क्षेत्र आत कोंडून ठेवते, हे पुस्तकाआधी त्या डब्यांनी शिकवलं.

या युक्तीने नवं दुखणंही आणलं. ६०० किलोहर्ट्झचं स्टेशन लावलं की आतला ऑसिलेटर १०५५ वर चालतो. पण १५१० वरचं स्टेशनही त्याच्यापासून ४५५ च अंतरावर असतं, म्हणून तेही डोकावतं. त्याला इमेज म्हणतात. त्याला दारातच अडवायचं तर पहिली गाळणी धारदार हवी. आजच्या मोबाइलमध्ये अँटेनाजवळ जे चिमुकले सॉ फिल्टर असतात, ते मुख्यतः असे नको ते पाहुणे दारात रोखायलाच. त्यांचं तंत्र १९६५ चं. क्वार्ट्झसारख्या तुकड्यावर धातूच्या कंगव्यासारख्या पट्ट्या कोरायच्या आणि विजेच्या लहरीला पृष्ठभागावरच्या ध्वनिलहरीत बदलून गाळायचं.

एव्हाना घरोघरी मोटारी, पंखे, स्विच आले होते. त्यांच्या ठिणग्यांची खरखर रेडिओ ऐकणाऱ्यांना इतकी जाचली की १९३४ मध्ये सिस्प्र ही रेडिओतल्या अडथळ्यांवरची आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. आर्मस्ट्राँगने १९३३ मध्ये एफएमचं पेटंट मिळवलं. त्यात लहरीची उंची बदलत नाही, म्हणून वरचा गोंगाट लिमिटरने छाटता येतो. नाशिक आकाशवाणीचं १०१.४ लावून स्वयंपाकघरात मिक्सर फिरवा आणि मग मीडियम वेव्ह लावून तेच करा. फरक कानालाच कळेल.

मग डिजिटल आलं आणि शत्रूने घरातच बिऱ्हाड केलं. चिपला ठेका देणारा क्लॉक म्हणजे सेकंदाला लाखो-कोट्यवधी वेळा उघडणारं-मिटणारं दार. त्याच्या तीक्ष्ण कडांतून मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीत गोंगाट निघतो. ४० मेगाहर्ट्झच्या क्लॉकची एकसष्टावी पट २४४० मेगाहर्ट्झ, म्हणजे थेट वायफायच्या पट्ट्यात. घरगुती संगणक शेजारच्या रेडिओत शिट्ट्या घालू लागले, तेव्हा अमेरिकेत १९७९ मध्ये त्यांच्यासाठी वेगळे नियम झाले. आपल्या पिढीला हे दुखणं स्पीकरमधून ऐकून माहीत आहे. फोन वाजायच्या आधी होणारी ती टर्र-टर्र! जीएसएम, म्हणजे टूजी, फोन सेकंदाला साधारण २१७ वेळा तुकड्या-तुकड्यांनी प्रसारण करतो, आणि अॅम्प्लिफायरचा पहिला ट्रान्झिस्टर नकळत डिटेक्टरचं, म्हणजे लहरीतून आवाज वेगळा काढण्याचं, काम करतो. तिथे वेगवान लहरी अडवणारा एक फेराइट मणी आणि छोटा कपॅसिटर टाकला की बहुतेक वेळा काम भागतं.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा तर बाजारातला चौकच. १९४७ च्या अटलांटिक सिटी परिषदेत तापवण्यासारख्या औद्योगिक कामांसाठी काही पट्टे राखले गेले, आणि त्यांतल्याच या पट्ट्यात पुढे मायक्रोवेव्ह ओव्हन, वायफाय, ब्लूटूथ एकत्र नांदू लागले. ब्लूटूथ ७९ चॅनेलांवर सेकंदाला १६०० उड्या मारतं. २००३ च्या आवृत्तीपासून ते गर्दीची चॅनेलं टाळायला शिकलं. भारतात या पट्ट्याचा वापर २००५ मध्ये परवान्यातून मोकळा झाला, त्याच वर्षी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झही. आमची पेटी त्या दुसऱ्या पट्ट्यात बोलते.

मोकळ्या रानात गोंगाट ६ डेसिबलने चढला की पल्ला निम्मा होतो, हे आधी आठवलं असतं तर शेजारचा टॉवर शिव्यांतून सुटला असता. पुढच्या बोर्डावर व्होल्ट उतरवणारा तो कन्व्हर्टर रेडिओपासून दूरच्या कोपऱ्यात नेला. त्याच्या इनपुटचा कपॅसिटर चिपच्या पायांना अगदी भिडवला, म्हणजे झटक्याने वाहणाऱ्या करंटचा वेढा आखूड झाला. रेडिओखालच्या ग्राउंडच्या तांब्याच्या थराला कुठेही चीर पडू दिली नाही. आता टोकाच्या ओळीतला व्हॉल्व्ह पहिल्या हाकेला उघडतो. रेडिओवर पत्र्याची डबी लावायची वेळ आली नाही, पण तिची सोल्डर करायची चौकट बोर्डावर ठेवली आहे.