स्मार्टफोनचा अतिवापर

स्मार्टफोनचा अतिवापर : फोनवरचा ताबा सुटून झोप, काम आणि घरातल्यांशी बोलणे मागे पडण्याची अवस्था. तिला ‘व्यसन’ म्हणावे का, हा वाद मिटलेला नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदान-पुस्तिकेत (२०१३) इंटरनेटवरील खेळांचा विकार केवळ ‘अधिक अभ्यास हवा’ अशा गटात आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणाने (संमती २०१९, अंमल २०२२) गेमिंग विकाराला मान्यता दिली. ताबा सुटणे, खेळाला सर्वांआधी स्थान आणि नुकसान दिसूनही तो चालू राहणे ही त्याची लक्षणे. ती साधारण १२ महिने दिसावी लागतात. फोनचे व्यसन हे स्वतंत्र निदान मात्र यांपैकी कशातही नाही. काही अभ्यासक ते असावे म्हणतात. इतरांच्या मते फोन हे साधन, ओढ असते ती त्यातल्या खेळांची, जुगाराची, समाजमाध्यमांची. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, म्हणून येथे ‘अतिवापर’ हाच शब्द योजला आहे.

फोन पाहताना मान ६० अंश वाकवली तर मणक्यावर सुमारे २७ किलो भार येतो, हे मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांचे गणित (२०१४) फार उद्धृत होते. ते संगणकी प्रारूपावरचे आहे, रुग्णांच्या मोजणीवरचे नव्हे. एकटक पाहताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. अंगठ्याच्या मुळाशी दुखणारा द कर्व्हेन विकार १८९५ पासून ज्ञात आहे; सततच्या टंकनाशी त्याचा संबंध अलीकडे जोडला जातो. रात्रीच्या निळसर प्रकाशाने मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक घटते, पण झोप बिघडवण्यात जागून पाहत राहण्याचाच वाटा बहुधा मोठा असावा. अतिवापराचा नैराश्य व चिंतेशी सहसंबंध आढळतो. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे बहुतेक पाहण्यांतून ठरत नाही.

गोव्यात किरणोत्साराच्या भीतीने अनेक गावांनी मोबाईल मनोऱ्यांना विरोध केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेकडून रेडिओलहरींना २०११ मध्ये ‘कदाचित कर्ककारक’ (२ब) गटात घातले गेले. भारताने २०१२ मध्ये मनोऱ्यांची उत्सर्जनमर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दशांशावर आणली. पुढे २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि सत्तरी-सांगे तालुक्यांतल्या मुलांना ऑनलाइन वर्गांच्या नेटवर्कसाठी डोंगर चढावे लागले. अभ्यासासाठी म्हणून दिलेला फोन मुलांच्या हाती आला तो असा. त्यांना दोष देताना हे विसरू नये.

बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून अशा अतिवापरावरील उपचारांसाठी ‘शट’ क्लिनिक चालते. गोव्यात मानसोपचारासाठी बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे.