गाठ दुखत नाही, म्हणूनच

स्तनाच्या कॅन्सरबद्दल बोलायला उभ्या राहिलेल्या सर्जनची गाठ आधी एका वाक्याशी पडते: “दुखत नाही ना, मग राहू दे.” दूध साकळलं, गळू झालं, की ठणका लागतो आणि बाई त्याच दिवशी दवाखान्यात येते. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेकदा मुकाट वाढते. बोटाला टणक लागते, कडा ओबडधोबड, पण त्रास काही नाही. मग मुलीची परीक्षा होते, दिवाळी होते, आणि दाखवायचं राहून जातं. दुखलं तर आजार, हा आपला जन्मभराचा हिशेब इथे साफ चुकतो.

हे ओपीडीत बसून सांगण्यात फारसा अर्थ नाही, कारण तिथे पोचलेल्या बाईला बऱ्याचदा उशीर झालेला असतो. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले सर्जन इंद्रनील मित्रा आणि त्यांचे सहकारी म्हणूनच १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत शिरले. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया, वस्त्यांचे वीस गट. दहा गटांत दर दोन वर्षांनी स्तनतपासणी, अशा चार फेऱ्या. उरलेल्या दहांत सुरुवातीला एकदा आजाराची माहिती आणि पुढे फक्त नोंद. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या.

चार आठवड्यांत काय शिकवणार, असं वाटेल. पण तपासणीची रीत बघा. स्तन चिमटीत धरायचा नाही. चिमटीत निरोगी स्तनातही गाठ लागल्यासारखी वाटते. मधल्या तीन बोटांच्या पेरांचा सपाट भाग टेकवायचा आणि छोटी छोटी वर्तुळं काढायची. त्याच जागी दाब तीनदा बदलायचा: आधी कातडीपुरता, मग मधला, मग खाली बरगडी लागेपर्यंत. गळ्याखालच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत उभे पट्टे घ्यायचे, नांगरताना तासाला तास लागून जावा तसे, मध्ये जागा सुटू न देता. शेवटी काख. घाई केली की सगळं फुकट, आणि शिकवायला सगळ्यात अवघड हेच, न घाई करणं.

वीस वर्षांच्या नोंदींचा निकाल २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेले कॅन्सर शंभरात ३७, दुसऱ्या गटात ४७. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मात्र तशी ठोस घट दिसली नाही. व्यासपीठावर हे शेवटचं वाक्य गिळून टाकायचा मोह होत असणार. ते गिळू नये. चाळिशीतली बाई समोरच बसलेली असते.

हे झालं बायकांना सांगणं. सर्जनांना सांगणं हा वेगळाच प्रकार, आणि माझ्या मते जास्त कठीण. २०२२ मध्ये पॅरिसला युरोपातल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या परिषदेत टाटाचेच सर्जन राजेंद्र बडवे यांनी एका इंजेक्शनची गोष्ट मांडली. औषध कुठलं, तर लिडोकेन. दात काढण्याआधी हिरडीत टोचतात ते. भारतातल्या ११ केंद्रांमधल्या १६०० स्त्रियांपैकी निम्म्यांना ऑपरेशनमध्ये गाठ काढण्याच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती चहूबाजूंनी हे औषध टोचलं. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन न मिळालेल्या गटात ८६.४ टक्के, मिळालेल्या गटात ९०.१ टक्के.

असं का व्हावं? लिडोकेन पेशींच्या आवरणातली सोडियमची दारं बंद करतं. मज्जातंतूंची दारं बंद झाली की बधिरपणा येतो. अशी दारं कॅन्सरच्या पेशींवरही असतात आणि त्यांना हालचालीला ती उपयोगी पडतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. गाठीला हात लागण्याआधीच दारं मिटली, तर ऑपरेशनमध्ये निसटून शरीरात इतरत्र पसरू पाहणाऱ्या पेशी अडतात, असा तर्क. यावर आक्षेपही आहेत. दुसऱ्या गटाला नुसत्या पाण्याचं खोटं इंजेक्शन दिलेलं नव्हतं, त्यामुळे कुणाला काय मिळालं हे सर्जनला ठाऊक होतं. आक्षेप रास्त आहे. पुन्हा चाचण्या व्हायला हव्यात.

पण त्यासाठी पुढाकार कोण घेणार? लिडोकेनचं पेटंट केव्हाच संपलेलं. त्यासाठी बॅग घेऊन डॉक्टरच्या दाराशी ताटकळणारा एमआर नाही, पंचतारांकित हॉटेलात जेवण घालणारी कंपनी नाही. महागड्या औषधाची बातमी त्याच्या पाकिटाबरोबर गावोगाव पोचते. स्वस्त औषधासाठी सर्जनलाच सभेत उभं राहून इतर सर्जनांना पटवावं लागतं. आणि समोरचे सर्जन प्रश्न विचारतात तो बहुधा रेणूंचा नसतो, वेळेचा असतो. दिवसाची यादी लांबलेली, भूल दिलेली, आणि दहा मिनिटं नुसतं थांबायचं? उत्तर साधं आहे: नुसतं थांबायचं नाहीच. टोचून झालं की एवढ्या वेळात सर्जनचे हात धुऊन, रुग्णावर हिरवी कापडं अंथरून होतात.