चाक इथलं, वर्ग बाहेरून आलेला

आठवडाभर ऑफिस करून शनिवार-रविवारी कुंभाराच्या चाकावर बसायला जाणारी मंडळी आता नाशिकमध्येही दिसतात. ‘आपल्या मातीतली जुनी कला’ शिकतोय, असं त्यांतले बरेच जण सांगतात. हे निम्मंच खरं आहे. चाक इथलंच, पण फी भरून शिकायचा वर्ग बराच फिरून आपल्यापर्यंत पोचला.

इथल्या चाकाचा पुरावा गोदाकाठच्या मातीच्या गढीत आहे. १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे आणि संगमनेरजवळच्या जोर्वे गावी उत्खनन केलं. तिथे सापडलेली ‘जोर्वे’ भांडी साधारण इ.स.पू. १४०० ते ७०० या काळातली. लाल अंगावर काळी भौमितिक नक्षी, तोटीचे चंबू, मधे कंगोरा असलेले वाडगे. चाकावर घडवलेली आणि इतकी पक्की भाजलेली, की टिचकी मारली तर खणखणतात. पुढे पांडवलेण्यांतल्या एका शिलालेखात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात, आजारी भिक्षूंच्या औषधासाठी नाशिकजवळच्या गोवर्धनच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, कायम ठेव ठेवल्याची नोंद येते. त्या श्रेणींत तेल्यांबरोबर ‘कुलरिक’ आहेत. ते कुंभार असावेत, असं अभ्यासक मानतात. तसं असेल तर या धंद्याची बाजारात चांगलीच पत होती म्हणायची.

मग बलुतेदारी आली. कुंभाराने गावाला माठ, रांजण, संक्रांतीची सुगडं, घटस्थापनेचे घट पुरवायचे आणि सुगीला धान्य घ्यायचं. चाक जड, काठीने गरगर फिरवायचं, उकिडवं बसायचं आणि वेग ओसरायच्या आत भांडं उठवायचं. माठ तर चाकावर पुरा होतच नाही. तोंड आणि गळा तिथे होतो. मग माती जराशी आवळली की आतून दगडी गोळा धरून बाहेरून थापटण्याने ठोकत ठोकत पोट वाढवायचं. गोरोबाकाकांनी संतांची डोकी तपासली ती याच थापटण्याने. हे कुणी मुद्दाम शिकवत नसे, पोर चिखल तुडवतच तयार होई. बायका माती मळत, भांडी रंगवत. चाकाला हात लावायची मात्र त्यांना बहुतेक ठिकाणी मनाई. आजच्या वर्गांत बायका बिनदिक्कत चाकावर बसतात. माझ्या मते विजेच्या मोटरीपेक्षा हा बदल मोठा आहे.

फी भरून, हौसेने शिकण्याची रीत स्टुडिओ पॉटरीची. जपानमध्ये हे काम शिकलेला इंग्रज बर्नार्ड लीच जपानी कुंभार शोजी हमादांना बरोबर घेऊन मायदेशी आला आणि १९२० मध्ये त्याने इंग्लंडमधल्या सेंट आइव्ह्जला भट्टी उभारली. माती मळण्यापासून ग्लेझपर्यंत, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपापर्यंत, सगळं एकाच हाताचं, ही कल्पना तिथून पसरली. त्याच सुमारास जपानला जाऊन आलेल्या सरदार गुरचरण सिंगांनी १९५२ मध्ये दिल्ली ब्लू पॉटरी सुरू केली. १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी पाँडिचेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी काढली. देशभरातले कितीतरी स्टुडिओवाले तिथे घडले. आपल्याकडे पुण्याच्या निर्मला पटवर्धन यांनी ग्लेझवर मोठं काम केलं.

वर्गात पहिला घाम निघतो तो सेंटरिंगला. कोपर मांडीला टेकवून, तळव्याची कड घट्ट धरून फिरता गोळा मधोमध आणायचा. तो जराही एका बाजूला राहिला, की भिंत वर चढताना लडबडते आणि शेवटी फाटते. विजेच्या चाकाचा वेग पायाखालच्या पेडलवर असतो, त्यामुळे हे पुन्हा पुन्हा करून बघायची सवड मिळते. काठीच्या चाकावर नवख्याला ती मिळाली नसती.

मातीही वेगळी. आपली काळी माती सुकताना फार आकसते, म्हणून कुंभार तिच्यात राख, लीद मिसळतो आणि साधारण ७०० ते ९०० अंशांवर आव्यात भाजतो. स्टुडिओतलं स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी घट्ट भाजलेली भांडी, १२०० अंशांच्या वर जातं, तिथे ही माती टिकत नाही. त्यामुळे तयार माती बहुधा गुजरात-राजस्थानकडून येते. तिचा मग चहाला उत्तम; पण भाजताना अंगातली छिद्रं बंद झाल्यामुळे तो माठासारखा पाझरत नाही आणि पाणीही गार करत नाही.