स्टायरीन, पॉली

स्टायरीन, पॉली : (३ जुलै १९५७ – २५ एप्रिल २०११). ब्रिटिश पंक रॉक (१९७० च्या दशकातील वेगवान, खडबडीत, बंडखोर रॉक संगीत) गायिका, गीतकार आणि ‘एक्स-रे स्पेक्स’ या बँडची संस्थापक. मूळ नाव मेरियन जोन इलियट-सईद. जन्म केंटमधील ब्रॉम्ली येथे. वाढली दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टन भागात. वडील सोमाली, आई स्कॉटिश-आयरिश वंशाची; मुलांना आईनेच वाढवले. पंधराव्या वर्षी घर सोडून ती संगीतमहोत्सवांतून भटकत राहिली. १९७६ मध्ये मारी इलियट या नावाने तिची ‘सिली बिली’ ही रेगे (जमैकातील लोकप्रिय संगीत) धाटणीची तबकडी निघाली, पण ती चालली नाही.

त्याच वर्षी ३ जुलैला, म्हणजे आपल्या एकोणिसाव्या वाढदिवशी, तिने हेस्टिंग्जच्या पिअरवर (समुद्रात शिरणाऱ्या धक्क्यावर) ‘सेक्स पिस्टल्स’ या पंक बँडचा कार्यक्रम पाहिला. लगेच तिने ‘मेलडी मेकर’ या साप्ताहिकात जाहिरात देऊन तरुण वादक जमवले. गिटारवर जॅक एअरपोर्ट, बास गिटारवर पॉल डीन, ड्रमवर बी. पी. हर्डिंग आणि सॅक्सोफोनवर लोरा लॉजिक ही शाळकरी वयाची मुलगी, असा संच तयार झाला. पंक बँडमध्ये सॅक्सोफोन ही तेव्हा दुर्मीळ गोष्ट होती. या बँडमध्ये तो गिटारच्या गोंगाटावर चढून जवळजवळ दुसऱ्या गायिकेसारखा वाजतो.

‘पॉली स्टायरीन’ हे टोपणनाव तिने ‘यलो पेजेस’ ही व्यावसायिकांची दूरध्वनी-सूची चाळताना उचलले. आपल्याकडे थर्माकोल म्हणून ओळखला जाणारा पदार्थ पॉलिस्टायरीनचाच असतो : हलका, स्वस्त, वापरून फेकून देण्याजोगा. पॉपस्टारही असाच वापरून फेकला जातो, ही तिची टीका नावातच आहे.

सप्टेंबर १९७७ मध्ये व्हर्जिन कंपनीने काढलेल्या ‘ओ बॉण्डेज अप युवर्स!’ (आशय : ‘बंधनं गेली खड्ड्यात’) या गीताच्या उगमाबद्दल एकवाक्यता नाही. त्या काळी पंक तरुणांत साखळ्या व पट्ट्यांचे ‘बॉण्डेज’ कपडे रूढ होते; म्हणून गीताचा रोख त्या पेहरावावर किंवा त्यामागच्या लैंगिक प्रथेवर आहे, असे एक मत. एका कार्यक्रमात हातकड्यांनी एकमेकींना बांधून घेतलेल्या दोन मुलींवरून ते सुचले, अशीही एक हकीकत सांगतात. स्वतः पॉलीने मुलाखतींतून कुंपणाच्या गजांना स्वतःला साखळीने बांधून घेणाऱ्या मताधिकारवादी स्त्रियांचा दाखला दिला आणि गीत भौतिक जगण्याच्या दास्यातून सुटण्याबद्दल असल्याचे सांगितले. शब्द पाहिले तर तिचेच म्हणणे अधिक पटते. एका कडव्यात ‘चेन’ हा शब्द दुकानांच्या साखळीपासून सलग सिगारेट ओढण्यापर्यंत आणि बेड्या घातलेल्या कैद्यांच्या टोळीपर्यंत फिरवला आहे. तिथे ग्राहक आणि कैदी एकाच ओळीत उभे राहतात. कपड्यांपुरता अर्थ घेतला, तर हे कडवे निरर्थक ठरते. सुरुवातही लक्षात ठेवण्याजोगी आहे. लहान मुलींनी दिसावे पण बोलू नये, असे काहींना वाटते, हे ती शहाण्या मुलीच्या बारीक आवाजात म्हणते आणि पुढच्याच क्षणी त्याच गळ्यातून आरोळी फुटते.

‘जर्मफ्री अडोलसंट्स’ (नोव्हेंबर १९७८) हा बँडचा त्या काळातील एकमेव अल्बम. प्लॅस्टिक, सुपरमार्केट, जाहिराती, निर्जंतुकपणाचे वेड आणि जनुकीय फेरफार हे त्याचे विषय. त्यांपैकी कितीतरी आज अधिक जवळचे वाटतात. त्यातील शीर्षकगीत ब्रिटनच्या एकल गीतांच्या यादीत १९व्या क्रमांकापर्यंत गेले. दातांना तारा आणि अंगात झगझगीत रंगांचे, स्वतः जुळवलेले कपडे अशा अवतारात ती मंचावर येई. कुणी आपल्याला ‘सेक्स सिंबॉल’ करू पाहिले तर डोके भादरून टाकीन, असे ती म्हणे; १९७८ मध्ये तिने खरोखरच मुंडण केले. ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये झालेल्या ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ या वंशद्वेषविरोधी मोहिमेच्या मोठ्या मेळाव्यात ती गायली. पंक चळवळीच्या आघाडीवर मिश्रवंशीय तरुणी असणे ही विरळ गोष्ट होती, आणि तिचे हे वेगळेपण प्रारंभीच्या इतिहासांत पुरेसे नोंदले गेले नाही.

१९७८ च्याच एका दौऱ्यात डॉनकॅस्टर येथे तिला आकाशात गुलाबी प्रकाश दिसला. स्किझोफ्रेनिया ठरवून तिला रुग्णालयात ठेवण्यात आले. बायपोलर विकाराचे (अतिउत्साह व नैराश्य आलटून-पालटून येणाऱ्या मनोविकाराचे) योग्य निदान व्हायला १९९१ उजाडले. १९७९ मध्ये बँड फुटला. पुढच्या वर्षीचा ‘ट्रान्सल्युसन्स’ हा एकल अल्बम शांत, जॅझकडे झुकणारा असल्याने पंक श्रोत्यांना तो रुचला नाही. चांगला असूनही तो दुर्लक्षितच राहिला. १९८३ च्या सुमारास ती हरे कृष्ण पंथात (इस्कॉन) गेली आणि हर्टफर्डशरमधील भक्तिवेदांत मॅनर येथे राहिली. लोरा लॉजिकही याच पंथात होती. १९९५ च्या ‘कॉन्शस कन्झ्यूमर’ या अल्बमसाठी दोघी पुन्हा एकत्र आल्या.

२००८ मध्ये लंडनच्या राउंडहाउस येथे बँडचा पुनर्मीलनाचा कार्यक्रम झाला. मार्च २०११ मध्ये ‘जनरेशन इंडिगो’ हा अल्बम आला, तेव्हा तिचा स्तनाचा कर्करोग शरीरभर पसरला होता. महिन्याभरात ससेक्समध्ये ती वारली.

१९९० च्या दशकातील अमेरिकेतील ‘रायट गर्ल’ या स्त्रीवादी पंक चळवळीवर, विशेषतः गायिका कॅथलीन हॅना हिच्यावर, पॉलीचा प्रभाव मानला जातो; गायिका नेने चेरी हिनेही तिचे ऋण सांगितले आहे. मुलगी सेलेस्ट बेल हिने पॉल संग यांच्यासह केलेला तिच्यावरील माहितीपट २०२१ मध्ये प्रदर्शित झाला.