चेतकचा पुढचा शॉकअप: नाव स्प्रिंगचं, काम तेलाचं

चवथीच्या आदल्या दिवशी गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारातून माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधून टांगायच्या चौकटीचं, सामान घेऊन मी फोंड्याला निघालो होतो. पायाशी नारळाचा घड, हुकाला सुपारीचा घोस, मागे पिशवीत चिबूड. वडिलांच्या जुन्या चेतक स्कूटरला महिन्याभरापूर्वीच मी पुढे नवी, जाड तारेची कडक स्प्रिंग बसवून घेतली होती. आधी गाडी पुढून फार झुलायची, ब्रेक दाबला की नाक खाली घालायची. कडक स्प्रिंगने ते थांबेल असं वाटलं होतं. पण रम्बलरवर, म्हणजे वेग कमी करायला रस्त्यावर ओळीने मारलेल्या उंच पट्ट्यांवर, हँडल हातात थरथरायला लागलं आणि उतारावर ब्रेक लावला तेव्हा पुढचं चाक रस्त्याला चिकटून राहीना, टपटप उडत चाललं. चिबूड पिशवीतच फुटला. खर्च करून गाडी आधीपेक्षा वाईट झाली होती, आणि ती का झाली हे समजून घेतल्याशिवाय मला चैन पडेना.

वेटोळ्यांच्या स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. तार फक्त 10 टक्के जाड घेतली, बाकी वेटोळ्यांचा व्यास आणि संख्या तीच ठेवली, तरी कडकपणा 46 टक्क्यांनी वाढतो. दोन स्प्रिंगा हातात धरल्या तर डोळ्यांना फरक दिसतही नाही. समजा जुन्या स्प्रिंगवर गाडीचा आणि आपला भार आला की ती चाकाच्या जागी 4 सेंटिमीटर दबायची. अशी गाडी पुढून सेकंदाला साधारण अडीच वेळा झुलते. नवी स्प्रिंग तेवढ्याच भाराखाली पावणेतीन सेंटिमीटरच दबेल आणि गाडी सेकंदाला तीनदा झुलेल. झुलणं थांबलं नाही, उलट जलद झालं.

झुलणं थांबवणं हे स्प्रिंगचं कामच नाही. खड्ड्यात चाक आपटलं की स्प्रिंग तो धक्का साठवते, आणि साठवलेलं सगळं लगेच परत देते. पुढच्या चाकावर 60 किलो भार असेल आणि तो 3 सेंटिमीटर खाली आला, तर सुमारे 18 जूल ऊर्जा सुटते. ती कुठेतरी संपवावी लागते. ती संपवतो डँपर, म्हणजे स्प्रिंगच्या आत किंवा शेजारी बसलेली तेलाची नळी. नळीत दट्ट्या फिरतो, दट्ट्याला बारीक भोकं असतात, आणि तेल त्या भोकांतून ढकललं जाताना धक्क्याची ऊर्जा उष्णतेत बदलते. चोर्ला घाट उतरून आल्यावर चांगल्या डँपरला हात लावून पाहा, कोमट लागतो. तो कोमटपणा म्हणजे आपल्या मनगटांपर्यंत न पोचलेले धक्के.

डँपर पुरेसा आहे की नाही हे एकट्या डँपरवरून ठरत नाही, हा मला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो. तो कोणत्या स्प्रिंगला आवरतोय ते बघावं लागतं. स्प्रिंग 46 टक्के कडक केली आणि डँपर तोच ठेवला, तर झुलणं आवरण्याचा त्याचा तुलनात्मक प्रभाव सुमारे 17 टक्क्यांनी घटतो. माझा डँपर तर मुळातच थकलेला. मी घोडा तगडा आणला होता आणि लगाम जुनाच ठेवला होता.

फोंड्यातल्या मेकॅनिककाकांनी तो जुना डँपर काढून माझ्या हातात दिला. "दाब," म्हणाले. दट्ट्याचा दांडा आत गेला, सहज. "आता ओढ." तोही सहज बाहेर आला, मध्ये एके ठिकाणी तर अजिबात जोर लागला नाही, जणू नळीत हवाच होती. दांड्यावर गंजाचे खवले होते. आपल्याकडची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि जांभ्याची लाल धूळ, हे तिन्ही दांड्यावर बसतात. गंजलेला दांडा वरखाली होताना रबरी सील कानशीसारखा घासतो, तेल झिरपतं आणि त्याच्या जागी हवा शिरते. मग हवा आणि तेल घुसळून फेस होतो. फेस भोकांतून विनासायास जातो, म्हणून मधला तो पोकळ टप्पा. चांगल्या प्रतीच्या डँपरमध्ये दाबाखाली नायट्रोजन भरतात तो याचसाठी: दाबाखालच्या तेलात फेस सहसा धरत नाही.

काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. नवा डँपर दाबायला सोपा होता, ओढायला जड. हे मुद्दाम केलेलं असतं. चाक वर जाताना त्याला झटकन जाऊ द्यायचं, नाहीतर धक्का थेट हँडलला बसतो; परत येताना मात्र स्प्रिंगला आवरून धरायचं. तेही प्रमाणात. परतीचा वेग फारच कमी केला, तर रम्बलरच्या एका पट्टीनंतर चाक खाली येण्याआधी दुसरी पट्टी येते, आणि चाक दर पट्टीला थोडं थोडं वरच अडकत जातं. चार-पाच पट्ट्यांनंतर सस्पेन्शन उरतच नाही.

आता ब्रेक लावताना नाक खाली जाण्याबद्दल. याचं मूळ व्हेस्पाच्या जन्मात आहे, कारण चेतकची रचना त्याच घराण्यातली. 1946 साली बाजारात आलेली व्हेस्पा पियाज्यो या इटालियन कंपनीसाठी रेखाटणारे कोरादिनो दास्कानियो हे विमानं आणि हेलिकॉप्टरवाले इंजिनिअर. विमानाच्या चाकासारखं त्यांनी पुढचं चाक एकाच बाजूने धरलं. हँडलची नळी चाकाच्या एका अंगाने खाली येते, तिच्या टोकाला एक छोटा आडवा हात पिनेवर झुलतो आणि त्याच्या मागच्या टोकाला चाक. टायर बदलायला अतिशय सोयीचं. पण ब्रेकची प्लेटही त्याच हातावर बसलेली. ब्रेक दाबला की फिरणारं चाक प्लेटला आपल्याबरोबर फिरवू पाहतं, त्यामुळे हाताचं पुढचं टोक, म्हणजे पिनेचं टोक, खाली ओढलं जातं. त्या टोकावर सगळी गाडी उभी! ब्रेकने पुढे सरकणारं वजन नाक दाबतंच. त्यात भर ही ओढ. वजन सरकण्याचा आकडाही लहान नाही: बऱ्यापैकी जोरात ब्रेक लावला तर स्वारासकट पावणेदोनशे किलोच्या स्कूटरवर सुमारे 40 किलो भार मागच्या चाकावरून पुढच्यावर जातो.

म्हणून नाकाची ही डुबकी थांबवायला स्प्रिंग कडक करत जाणं हा चुकीचा रस्ता. कारणावर इलाज करायचा तर ब्रेकची प्लेट हातावरून सोडवून एका सळईने वरच्या नळीला अडकवायची, मग ती ओढ हातावर येत नाही. हे काम जाणत्या माणसाचं, कारण सळईची लांबी किंवा कोन चुकला तर ब्रेकच दगा देईल. मी त्यात पडलो नाही.

लहान चाकाला हे सगळं जास्त का लागतं, तेही सांगतो. 30 सेंटिमीटर रुंदीच्या खड्ड्यात मोटरसायकलचं 18 इंची चाक सुमारे 4 सेंटिमीटर उतरतं, स्कूटरचं 10 इंची चाक 6. रस्ता तोच, पण स्कूटरसाठी तो दीडपट खोल. पावसाळ्यानंतरच्या आमच्या अंतर्गत रस्त्यांवर हा दीडपट फार जाणवतो.

शेवटी काय बदललं? आधी पिन आणि तिची सुईसारख्या रोलरची बेअरिंग. जुन्या पिनेला एका बाजूने पन्हळ पडली होती, ग्रीस धुऊन गेलेलं. चाक हाताने आडवं हलवलं की टक आवाज यायचा. ही ढिलाई असताना कितीही महागडा शॉकअप घाला, पैसा वाया. मग हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचा संच. मग मूळ कडकपणाची स्प्रिंग आणि तिला शोभेल असा नवा गॅसचा डँपर. जाड तारेची स्प्रिंग परत केली.

परवा पावसाच्या उघडिपीत अंगणात गाडी उभी करून हँडल दोन्ही हातांनी दाबलं आणि सोडलं. पूर्वी तीन-चारदा वरखाली व्हायची. आता नाक वर आलं, किंचित जास्त वर गेलं, जागेवर बसलं. वडील पडवीतून बघत होते. खाली उतरून त्यांनीही एकदा दाबून पाहिलं, आणि चावी मागितली.